भारी काळ्या जमिनीसाठी एकाच फेरीत मशागत करणारे अवजार आणि ट्रॅक्टरची जुळणी : दौंड तालुक्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, भीमेच्या काठाला असलेल्या दौंड तालुक्यातील एका एकत्र कुटुंबाचे हे प्रकरण आहे. दोन भावांची मिळून बावीस एकर शेती असून त्यांपैकी सोळा एकर भारी काळी आणि उरलेली सहा एकर मध्यम, मुरमाकडे झुकणारी आहे. पाणी मुठा उजव्या कालव्याच्या आवर्तनाचे आणि दोन विहिरींचे. ऊस, त्याचा खोडवा, खरिपात सोयाबीन किंवा मका, रब्बीत गहू, हरभरा आणि कांदा असा पिकांचा फेर आहे. घरात ४५ एचपीचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा ट्रॅक्टर, दोन फाळांचा पलटी नांगर, नऊ फणांचा कल्टिव्हेटर आणि पाच फुटी रोटाव्हेटर होता. माझा या कुटुंबाशी संबंध यांत्रिकीकरणाचा सल्लागार म्हणून आला आणि पुढे दोन हंगाम मी त्यांच्या बांधावर जात राहिलो. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव आणि काही बारीकसारीक तपशील गाळले आहेत.

भारी काळ्या जमिनीचा स्वभाव लक्षात घेतल्याशिवाय पुढील काहीच समजणार नाही. या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते आणि त्या चिकणमातीतील मुख्य खनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. त्यामुळे ओली असताना ती फणाला आणि टायरला चिकटते, वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि नांगराने दगडासारखी ढेकळे निघतात. या दोन टोकांच्या मधला जो वापशाचा काळ असतो, तो हलक्या रानात आठवडाभर मिळतो, तर भारी रानात कधी कधी चारच दिवस.

अडचण

सोयाबीन निघाल्यावर गहू-हरभऱ्याच्या पेरणीपर्यंत कुटुंबाला चार फेऱ्या कराव्या लागत होत्या : एक नांगरट, दोन वेळा आडवी-उभी फणपाळी आणि शेवटी रोटाव्हेटर. एकरी डिझेल साधारण वीस लिटर जाई. डिझेलपेक्षाही वेळेची ओढाताण मोठी होती. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्ये रेंगाळला की वापसा उशिरा येई, नांगरट होईतो तो निघून जाई आणि पुढच्या फेऱ्या ढेकळे फोडण्यातच संपत. एका वर्षी सोळा एकरांपैकी शेवटच्या पाच एकरांत गव्हाची पेरणी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर गेली आणि दाणे भरण्याच्या वेळी उन्हाचा चटका बसला.

दुसरी अडचण जमिनीखाली होती. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर रोटाव्हेटर फिरवल्याने दहा-बारा सेंटिमीटरखाली टणक थर तयार झाला होता. आम्ही कुदळीने दोन ठिकाणी हातभर खोल खड्डे घेतले तेव्हा सोयाबीनची जुनी मुळे त्या थरावर आडवी वळलेली स्पष्ट दिसली. पाणी दिल्यावर वरचा थर चिखल होई आणि खाली माती कोरडी राही.

धाकटे बंधू मोशीच्या किसान प्रदर्शनात जाऊन आले होते. तेथे त्यांनी पुढे जड फण आणि मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावर, फिरणारा रोटर अशी जोड असलेले, एका फेरीत रान तयार करणारे अवजार पाहिले होते. विक्रेत्याने सात फणांचे, सात फुटी अवजार सुचवले आणि आहे तो ट्रॅक्टर "ओढून नेईल" असे सांगितले. थोरल्या बंधूंचा कल त्याच्याही पुढे होता. "दादा म्हणतात, घ्यायचंच तर पंच्याहत्तर एचपीचा घेऊ, म्हणजे पुन्हा विचार नको," असे धाकट्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. दोन्ही मते एचपीच्या आकड्याभोवतीच फिरत होती. मशागतीची ताकद चाकांतून जमिनीत कशी उतरते याचा विचार कोणी केलेला नव्हता, आणि मला स्वतःला हाच या प्रकरणाचा गाभा वाटतो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे त्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला सात फुटी जोड अवजार लावणे. दुसरा, त्याच ट्रॅक्टरला लहान अवजार लावणे. तिसरा, ५५ एचपीच्या आसपासचा, चारही चाकांना चाल असलेला ट्रॅक्टर आणि मध्यम रुंदीचे अवजार. चौथा, ७५ एचपीचा ट्रॅक्टर आणि सात फुटी अवजार. पाचवा पर्याय मी मांडला : काहीही विकत न घेता एक हंगाम भाड्याने काम करून घेणे. हा शेवटचा पर्याय सर्वांत स्वस्त होता, परंतु परिसरात असे अवजार एकाकडेच होते आणि वापशाच्या नेमक्या चार दिवसांत ते सगळ्यांनाच हवे असते. भाड्याचे यंत्र आपल्या रानाच्या वापशाला येत नाही, ते मालकाच्या सोयीने येते, हे कुटुंबाचे म्हणणे अनुभवाचे होते आणि ते मी मान्य केले.

रोटर नसलेले, फणांमागे नुसता जाळीचा रोलर असलेले अवजारही विचारात घेतले. ते हलके, स्वस्त आणि कमी बिघाडाचे असते. गव्हासाठी ते पुरले असते. कांद्याच्या वाफ्यांसाठी माती पुरेशी बारीक झाली नसती, म्हणून ते बाजूला ठेवले.

ओढीचे गणित

फण किती जोराने ओढावे लागतात, ते प्रत्यक्ष मोजायचे आम्ही ठरवले. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. पाच टनांचा लटकता डिजिटल काटा दोन ट्रॅक्टरांच्या मध्ये साखळीने बांधायचा, मागच्या ट्रॅक्टरचा गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून त्याचे अवजार जमिनीत सोडायचे आणि पुढच्या ट्रॅक्टरने दोघांना ओढायचे. नंतर अवजार उचलून तेवढेच अंतर पुन्हा ओढायचे. दोन्ही वाचनांतील फरक म्हणजे अवजाराची ओढ.

आवर्तनाचे पाणी देऊन वापशावर आलेल्या काळ्या तुकड्यात, रोटर बंद ठेवून, विक्रेत्याच्या सात फणांच्या अवजाराची ओढ पंधरा सेंटिमीटर खोलीवर सुमारे ९०० किलो भरली. दोन फण काढून पाच ठेवले तेव्हा ती ६५० किलोंवर आली आणि पाच फण वीस सेंटिमीटरपर्यंत उतरवल्यावर ८७० किलो झाली. खोली वाढली की ओढ जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते, ही गोष्ट कागदावर वाचण्यापेक्षा काट्यावर पाहिल्यावर दोघा भावांना अधिक पटली.

किलोमधील ओढीला ताशी किलोमीटरमधील वेगाने गुणून २७० ने भागले की जमिनीत लागणारी एचपी मिळते. ९०० किलो आणि ताशी चार किलोमीटर धरले तर उत्तर १३.३ एचपी येते. थोरल्या बंधूंनी येथे रास्त प्रश्न विचारला : "मग पंचेचाळीसचा ट्रॅक्टर का अडतो?" त्याचे उत्तर चाकांच्या पकडीत आहे. त्यांच्या ट्रॅक्टरचे वजन वजनकाट्यावर २,०५० किलो भरले, त्यांपैकी मागच्या चाकांवर १,२९० किलो. काम करताना अवजाराचा भार मागे येऊन हा आकडा अठराशे-एकोणीसशेच्या घरात जातो. वापशाच्या, न नांगरलेल्या रानात मागच्या चाकांवरील भाराच्या साधारण ४० टक्क्यांच्या पुढे ओढ मागितली की चाके अधिकाधिक फिरतात आणि ट्रॅक्टर कमी कमी पुढे सरकतो. इंजिनमध्ये ताकद शिल्लक असते, पण ती टायर झिजवण्यात आणि माती दाबण्यात जाते.

ही घसरही आम्ही मोजली. मागच्या टायरवर खडूने खूण करून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती पुढे जातो ते पाहिले. अवजार उचलून ४१ मीटर, सात फणांसह ३१ मीटर आणि पाच फणांसह ३६ मीटर, म्हणजे घसर अनुक्रमे २४ आणि १२ टक्के. दहा ते पंधरा टक्के घसर चालण्यासारखी मानली जाते, २४ टक्के अजिबात नाही. विक्रेत्याचे "ओढून नेईल" हे म्हणणे खोटे नव्हते, ट्रॅक्टरने अवजार ओढले होते. चाकाच्या दर चार फेऱ्यांतली जवळजवळ एक फेरी वाया घालवून ओढले होते, एवढेच त्याने सांगितले नव्हते.

रोटर जोडल्यावर चित्र थोडे बदलते आणि जोड अवजाराची खरी खुबी येथेच आहे. रोटर चाकांच्याच दिशेने फिरत असल्यामुळे त्याची पाती मातीला मागे रेटतात आणि ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. फणांची ओढ त्यामुळे काही अंशी फिटते आणि इंजिनची ताकद घसरणाऱ्या चाकांऐवजी थेट पीटीओमधून मातीत उतरते. शिवाय फणांनी आधीच सैल केलेल्या मातीत रोटरला कमी जोर लागतो. यावरून मी हिशेब मांडला तो असा : पाच फण, वीस सेंटिमीटर खोली यांसाठी जमिनीत सुमारे १३ एचपी, म्हणजे गिअर, घसर आणि चाकांचा रोध धरून इंजिनवर साधारण २१ ते २२; पावणेदोन मीटर रोटरसाठी इंजिनवर २८ च्या आसपास; त्यावर कठीण पट्टे आणि चढ यांसाठी दहा-पंधरा टक्के राखीव. रोटरच्या ढकलीचा फायदा वजा केला तरी हे ५५ एचपीचे काम होते. सात फण आणि सात फुटी रोटरसाठी याच रीतीने सत्तरच्या पुढचा आकडा आला.

उचलण्याचा प्रश्न

ओढीइतकाच, किंबहुना त्याहून गंभीर मुद्दा अवजार उचलल्यावरच्या तोलाचा होता. जोड अवजार लांबलचक असते आणि त्याचा भार मागे दूर पडतो. पाच फणांचे अवजार ६८० किलोंचे, त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून सुमारे १.६ मीटर मागे, आणि ट्रॅक्टरच्या दोन आसांमधील अंतर २ मीटर. म्हणजे अवजार उचलताच पुढच्या चाकांवरचे ६८० गुणिले १.६ भागिले २, इतके म्हणजे ५४४ किलो वजन कमी होते. जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात ७६० किलो होते, उरले २१६. स्टिअरिंग ताब्यात राहण्यासाठी पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या रिकाम्या वजनाच्या किमान वीस टक्के, येथे ४१० किलो, असायला हवेत. बांध ओलांडताना किंवा कालव्याच्या भरावावर चढताना असा ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन उभा होऊ शकतो. हा आकडा पाहिल्यावर दुसरा पर्याय, म्हणजे जुन्या ट्रॅक्टरला लहान जोड अवजार, आम्ही तेथेच सोडून दिला. पुढे वजने लावून तूट भरून काढता आली असती का, याचाही हिशेब केला. एकशे वीस किलोंची वजने लावूनही आकडा चारशेच्या आतच राहत होता.

नव्या ट्रॅक्टरसाठी आम्ही माहितीपत्रकांवर विसंबलो नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या अहवालांत पीटीओवरची कमाल ताकद, जादा वजने लावून व न लावता मिळणारी ओढ आणि उचलक्षमता दिलेली असते. ओढीची ती चाचणी पक्क्या पट्टीवर होते, त्यामुळे तो आकडा शेतात मिळत नाही, पण दोन ट्रॅक्टरांची तुलना त्यावरून नीट करता येते. उचलक्षमता पाहताना ती जोडणीच्या टोकाशी मोजली आहे की मागे ठरावीक अंतरावर, हे पाहणे आवश्यक असते, कारण भार जितका मागे तितकी क्षमता घटते.

निर्णय

रुंदीचा प्रश्न शेवटपर्यंत लटकत राहिला. पाच फण तीस सेंटिमीटर अंतराने लावले तर दीड मीटर रुंदी मिळते, पण ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची बाहेरची रुंदी सुमारे १.७ मीटर असल्याने दोन्ही बाजूंना चाकाखाली दबलेली पट्टी तशीच राहते. म्हणून फणांमधील अंतर ३५ सेंटिमीटर ठेवून १.७५ मीटरचे अवजार घ्यायचे ठरले. अंतर वाढल्यावर दोन फणांमधली माती सुटेल का, ही शंका योग्य होती. साधा फण आपल्या खोलीच्या सव्वा-दीड पट रुंदीची माती नीट उकलतो. फणाच्या तळाला पंख लावले तर ही रुंदी दीड ते दोन पट होते. वीस सेंटिमीटर खोलीला ३५ सेंटिमीटर अंतर पंखांसह बसत होते, आणि त्याप्रमाणे पंखाचे फण मागवले.

अखेर ५५ एचपीचा, चारही चाकांना चाल असलेला, २,६०० किलोंचा ट्रॅक्टर आणि पाच फणांचे, १.७५ मीटरचे जोड अवजार अशी जुळणी निश्चित झाली. जुना ट्रॅक्टर बदलीत दिला. नव्या ट्रॅक्टरवर अवजार उचलल्यानंतरही पुढच्या आसावर २२ टक्के वजन राहत होते. थोरल्या बंधूंना ७५ एचपीचा मोह सोडवत नव्हता. त्यांचे मन वळले ते वहिनींच्या प्रश्नाने : ऊस बांधणीला आणि कांद्याच्या सरीत एवढा जड ट्रॅक्टर घालणार का? मशागतीचे काम वर्षातून काही दिवसांचे असते, बाकीचे महिने तोच ट्रॅक्टर हलक्या कामांना लागतो, हा विचार आमच्या सगळ्या गणितात मागे पडला होता.

खरेदीच्या घाईत एक चूक होता होता राहिली. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या ऑनलाइन पोर्टलवर, अनुदानासाठी अर्ज केलेला असताना विक्रेत्याने आधी बिल करून घेण्याचा आग्रह धरला. पूर्वसंमतीपूर्वी केलेली खरेदी अनुदानाला पात्र ठरत नाही. कुटुंबाने पंधरवडा थांबणे पसंत केले. अर्ज वहिनींच्या नावावरील सातबाऱ्यावर केलेला होता, कारण महिला शेतकऱ्यांना अनुदानाचा दर अधिक आहे.

प्रत्यक्ष वापर आणि परिणाम

पहिल्या रब्बीत सोळापैकी अकरा एकर एका फेरीत तयार झाले. ताशी चार किलोमीटर वेगाने एकराला सुमारे पन्नास मिनिटे आणि आठ ते नऊ लिटर डिझेल लागले. रोटर मुद्दाम मंद गतीच्या गिअर जोडीवर ठेवला, कारण काळी माती पिठासारखी केली तर पहिल्या पाण्यानंतर तिच्यावर पापडी धरते आणि कोंब अडकतात. सुपारीएवढी खडे-माती गव्हाला पुरेशी असते, हे मान्य करायला दोघांना दोन दिवस लागले. रोटाव्हेटरने केलेले गुळगुळीत रान डोळ्यांना सवयीचे होते.

उरलेल्या पाच एकरांपैकी दोन एकरांत उसाचे पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, होते. तेथे फणांत पाचट अडकून दर वीस-तीस मीटरवर थांबावे लागले. कुट्टी न करता पाचटात हे अवजार चालत नाही, आणि हे खरेदीपूर्वीच्या चाचणीत तपासायला हवे होते.

तीन एकरांत मात्र मोठी चूक झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस पाऊस उघडून आठ दिवस झाले होते, वरची माती मुठीत धरली की भुरभुर सुटत होती, म्हणून धाकट्या बंधूंनी रान घेतले. वीस सेंटिमीटरखाली ओल कितीतरी अधिक होती. ओल्या चिकणमातीत फण एका मर्यादेपलीकडे खोल गेला की तो माती उचलून फोडत नाही, तिला दोन्ही बाजूंना दाबून नुसती चीर पाडतो. महिन्याभराने त्या तुकड्यातील गहू पिवळट दिसू लागला तेव्हा आम्ही आडवा चर खणला. पस्तीस सेंटिमीटर अंतरावर पाच चिरा, त्यांच्या भिंती साबणासारख्या गुळगुळीत, मुळे चिरांमध्येच गुंतलेली आणि मधली माती अखंड. जुना रोटाव्हेटरचा थर तोडायला आणलेल्या अवजाराने खाली नवा दोष निर्माण केला होता. फेब्रुवारीनंतर जमीन भेगाळली तेव्हा या चिरा बऱ्याच अंशी मोडल्या. काळी जमीन स्वतःची नांगरट स्वतः करते असे म्हणतात, ते येथे कुटुंबाच्या मदतीला आले. त्या हंगामाचे नुकसान मात्र भरून निघाले नाही.

वेगळे काय करता आले असते

या चुकीची जबाबदारी मी माझ्यावरही घेतो. ओढ, घसर, तोल हे सगळे मोजून दिले, पण वापसा कोठे तपासायचा हे मी सांगितले नव्हते. फण ज्या खोलीवर चालणार त्या खोलीची माती काढून हातावर वळायची. तीन मिलिमीटर जाडीची वळी तुटली तर रान तयार आहे, न तुटता वळली गेली तर थांबायचे. एका फेरीच्या अवजाराने वापसा लवकर येत नाही, वापसा आल्यानंतरचे दिवस वाचतात, आणि हाच त्याचा लाभ वापशाआधी रानात घुसण्याचा मोह वाढवतो. जुन्या पद्धतीत चार फेऱ्यांमुळे जो वेळ आपोआप जात असे, त्यात खालची माती निदान काही सुकत असे.

ओढीची मोजणी आम्ही एकाच तुकड्यात, एकाच दिवशी केली. उन्हाळ्यातील कोरड्या रानात आणि पावसाळ्यानंतरच्या ओल्या रानात अशी दोनदा केली असती, तर खोली किती ठेवायची याची मर्यादा आधीच कळली असती. आता हवामान पाहून खोली बदलता यावी म्हणून खोलीच्या चाकांच्या दांड्यावर बारा, सोळा आणि वीस सेंटिमीटरच्या रंगीत खुणा केल्या आहेत. ओल शंकास्पद असेल तेव्हा बारावर काम करायचे आणि खोल फणणी मार्च-एप्रिलमध्ये, खालपर्यंत माती सुकलेली असताना, वेगळी करायची, असे ठरले आहे. त्यामुळे काही तुकड्यांत "एक फेरी" प्रत्यक्षात दोन फेऱ्यांची झाली, आणि ते मला योग्यच वाटते.

चालू हंगामासाठी कुटुंबाने चिरा पडलेल्या तीन एकरांपैकी एक एकर वेगळे ठेवले आहे. तेथे खालची वळी तुटेपर्यंत थांबून मगच अवजार घातले जाईल आणि गव्हाच्या कापणीनंतर त्याच जागी पुन्हा चर खणून मुळांची खोली मोजली जाईल.